फोंड्यातला डॅनिशचा क्लास: इंग्लिश चांगलं येत असेल तर जास्तच गरज आहे

गोव्यातून डेन्मार्कला निघालेल्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय, म्हणजे शिकायला जाणारे, हॉटेल लाइनवाले, किंवा माझ्यासारखे नवऱ्याच्या नोकरीमागून जाणारे. मराठीत याबद्दल काहीच सापडत नाही आणि फोंड्यात डॅनिशचा क्लास असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. तर आहे. तिस्कापासून चालत पाच-सात मिनिटं, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि शिकवणारे सर म्हणजे अख्खी नोकरी बोटीवर झालेला माणूस, त्यातली बरीच वर्षं डॅनिश बोटींवर. नाव-नंबर नेटवर टाकू नको असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय त्यामुळे टाकत नाही, तिस्कावर बोटीवाले डॅनिश सर म्हणून विचारा, दाखवतील.

आधी कामाचं. फी महिन्याला अडीच हजार, आठवड्यातून तीन संध्याकाळी, दीड-दीड तास. बॅचमध्ये दहा-बारा जण, त्यात निम्मी हॉटेलमधली पोरं, दोन नर्स, एक मास्टर्सला ऑर्‌हूसला निघालेली डिचोलीची मुलगी, आणि एक मडगावच्या आंटी ज्यांची लेक तिकडे दिलीय. भाषा सगळी मिक्स, सर कोकणीत सुरू करतात, मराठीत समजावतात, फळ्यावर इंग्लिश. कुणाला अडचण येत नाही.

हा क्लास बाकीच्यांपेक्षा वेगळा का, तर सर व्याकरणापासून सुरू करत नाहीत, नमस्कार-चमत्कारापासूनही नाही. ते नामांपासून सुरू करतात, आणि तेही अशी नामं ज्यांची सुरुवातीची अक्षरं इंग्लिशसारखीच आहेत. फळ्यावर तीन अक्षरं लिहितात, समजा बी-ए-आर, मग विचारतात की इंग्लिशमध्ये यावरून काय काय सुचतं, पोरं भराभर सांगतात, मग त्याच अक्षरांनी सुरू होणारी डॅनिश नामं बाजूला लिहितात आणि अर्थ सांगतात, आणि तिथेच कळतं की आपण तिकडे जाऊन काय काय वाचून बसलो असतो. सी असेल तिथे के धरायचा, डब्ल्यू असेल तिथे व्ही धरायचा, एवढे दोन नियम पहिल्याच दिवशी देतात. सरांचं म्हणणं असं की डॅनिश ऐकताना इंग्लिशवाला फसत नाही कारण उच्चार इतका वेगळा आहे की त्याला काहीच ओळखीचं वाटत नाही, तो फसतो तो वाचताना, पाटीवर, पत्रावर, औषधाच्या बाटलीवर. मला हे शंभर टक्के पटलंय. आपण गोव्यातले लोक इंग्लिशवर फार भरवसा ठेवतो, तिकडे सगळ्यांना इंग्लिश येतं असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, पण सरकारी पत्रं, शाळेचे मेसेज आणि दुकानातल्या पाट्या डॅनिशमध्येच असतात.

सगळ्यात गाजलेला शब्द म्हणजे जी-आय-एफ-टी. स्पेलिंग इंग्लिशचंच. डॅनिशमध्ये नाम म्हणून त्याचा अर्थ विष, आणि विशेषण म्हणून तोच शब्द लग्न झालेला किंवा लग्न झालेली. हे इंटरनेटवर विनोद म्हणून फिरत असतं, सर मात्र तिथे थांबत नाहीत, आणि म्हणूनच मला हा माणूस आवडतो. त्यांनी समजावलं की तिन्हीच्या मुळाशी देणं आहे. इंग्लिशमध्ये जे दिलं ते भेट. विषाचा अर्थ आला तो औषधाच्या डोसवरून, ग्रीकमध्ये डोसिस म्हणजेही देणंच, वैद्याने दिलेली मात्रा, पुढे ती मात्रा म्हणजे जिवावर उठणारी मात्रा असा अर्थ राहिला. आणि लग्नाचा अर्थ कारण बापाने मुलगी दिली. हे ऐकल्यावर मडगावच्या आंटी लगेच म्हणाल्या, "सर, आमीय म्हणटांव न्ही, चली खंय दिल्या?" आणि खरंच की, आपण मराठीत अजूनही विचारतोच ना, थोरली कुठे दिली, धाकटी सावंतवाडीला दिली. त्या दिवसापासून तो शब्द कुणी विसरलेलं नाही. उपयोग काय म्हणाल तर घरातल्या साफसफाईच्या बाटल्यांवर जी सूचना असते तिची सुरुवात याच चार अक्षरांनी होऊ शकते, गिफ्ती असं काहीसं वाचलं जातं, अर्थ विषारी. घरात लहान मूल असलेल्या बाईला हे माहीत पाहिजे.

माझ्या मते क्लासचा सगळ्यात भारी भाग म्हणजे एस-के चं पान. सरांनी स्वतः हाताने लिहून झेरॉक्स काढलेली पानं आहेत, प्रत्येक पान एकेका अक्षरजोडीचं, त्यात हे पान एकटं सगळ्या फीचं मोल देतं. गोष्ट अशी आहे की जुन्या इंग्लिशमध्ये जिथे एस-के चा आवाज होता तिथे तो पुढे श झाला, म्हणून शिप, शू, शर्ट, फिश. डॅनिशमध्ये तो तसाच राहिला, स्किब, स्को, फिस्क. मग इंग्लिशमध्ये एस-के ने सुरू होणारे स्काय, स्किन, स्कर्ट, स्किल हे शब्द आले कुठून, तर ते डेन्मार्क-नॉर्वेकडच्या लोकांनी इंग्लंडात आणून सोडलेले. म्हणजे स्पेलिंग सारखं आहे कारण शब्द तिकडचाच आहे. पण इंग्लिशमध्ये गेल्यावर प्रत्येकाने आपला अर्थ बदलला आणि डॅनिशमध्ये वेगळाच उरला.

एस-के-वाय बघा. डॅनिशमध्ये ढग. आकाश नाही. आकाशाला ते हिमेल म्हणतात. जुना अर्थ ढगच होता, इंग्लंडात ढगाचं आकाश झालं (तिथला पाऊस बघता समजण्यासारखं आहे, आणि आपल्याकडे आषाढात वेगळं काय दिसतं). एस-के-आय-एन-डी म्हणजे कातडं, जनावराचं, जॅकेटचं, माणसाच्या त्वचेला दुसरा शब्द आहे, हुद, जो इंग्लिशच्या हाइडचा भाऊ. म्हणजे इंग्लिशमध्ये हाइड जनावराचं आणि स्किन माणसाची, डॅनिशमध्ये बरोब्बर उलट! नर्स मुलींनी हे दोनदा लिहून घेतलं. स्कर्टशी मिळताजुळता स्क्योर्ते म्हणजे शर्ट, पुरुषांचा बटणवाला शर्ट, आणि स्कर्टला नेदर्देल, म्हणजे सरळ खालचा भाग. ऑनलाइन कपडे मागवताना लक्षात ठेवा. आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेला म्हणजे स्किल. त्याचा डॅनिश भाऊ स्केल, एस-के-ई-एल, अर्थ जमिनीची हद्द, शेजाऱ्याचं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं ती रेषा. मूळ अर्थ भेद, फरक करणं. इंग्लिशने त्यातून फरक ओळखण्याची अक्कल घेतली आणि तिचं कौशल्य केलं, डॅनिशने जमिनीवरची रेषा ठेवली. आमच्याकडे बागायतीच्या हद्दीवरून दोन पिढ्या वाद चाललेत त्यामुळे हा शब्द मला कायमचा पाठ झालाय.

इतिहास सर थोडक्यातच सांगतात पण सांगतात. ७९३ साली लिंडिस्फार्नच्या मठावर उत्तरेकडच्या लोकांचा हल्ला, ८६५ साली मोठी फौज इंग्लंडात उतरली, मग ते लोक तिथेच शेती करून राहिले, त्यांचा कायदा चालायचा त्या मुलखाला डेनलॉ म्हणतात, आणि १०१६ पासून १०३५ पर्यंत तर इंग्लंडच्या गादीवर क्नूट नावाचा डॅनिश राजाच होता. तेवढ्या काळात शेजारी शेजारी राहून शब्द इकडचे तिकडे झाले. बी-वाय म्हणजे डॅनिशमध्ये शहर, उच्चार ब्यू, आणि इंग्लंडच्या नकाशात डर्बी, व्हिटबी, ग्रिम्स्बी अशा गावांच्या शेपटाला तोच बी लागलेला आहे. फुटबॉलवाल्या पोरांना डर्बी म्हटल्यावर एकदम उजेड पडला. मग विंडो. डब्ल्यूला व्ही धरला की डॅनिश विन्दू. जुन्या भाषेत वाऱ्याचा डोळा. यावर मी सरांना गवाक्ष सांगितलं, गाईचा डोळा म्हणजे खिडकी, ते इतके खूश झाले की त्यांनी ते स्वतःच्या पानावर पेनाने लिहून घेतलं. विद्यार्थ्याचं ऐकणारा मास्तर हवा असेल तर हा आहे.

एक गोष्ट मात्र सर सांगत नाहीत आणि मराठी बॅचला त्यांनी सांगितली पाहिजे असं मी त्यांना सुचवलंय. डेन्मार्क आपल्याला वाटतो तितका परका नाही. तामिळनाडूत तरंगंबाडीला १६२० पासून त्यांची वसाहत होती, डान्सबोर्ग किल्ला अजून उभा आहे, आणि बंगालमधलं श्रीरामपूर म्हणजे त्यांचं फ्रेडरिक्सनगर. कंपनी सरकार मिशनऱ्यांना थारा देईना म्हणून विल्यम केरी १८०० साली त्या डॅनिश गावात जाऊन राहिला, आणि तिथूनच पंडित वैजनाथ यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्लिश कोश काढला. मराठीचा एवढा जुना छापील कोश डॅनिश वसाहतीतल्या छापखान्यातून आला, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. दोन्ही वसाहती १८४५ साली त्यांनी इंग्रजांना विकून टाकल्या.

आता रोजच्या उपयोगाचं, कारण शेवटी लोक फी भरतात ती त्यासाठी. आर-ई-एन-टी दिसलं की आपण भाडं समजतो. डॅनिश रेन्ते म्हणजे व्याज. बँकेच्या कागदावर हा शब्द सगळीकडे असतो, घरभाड्याला हुस्लाये म्हणतात. दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेले, नियमित येणारं उत्पन्न असा अर्थ, एकाने घराचं धरलं आणि एकाने पैशाचं. रेसेप्त म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. पावती नाही, पाककृती पण नाही, तिन्हीला डॅनिशमध्ये वेगवेगळे शब्द आहेत. फार्मसीत हा शब्द लागतोच लागतो. टी-आय-एम-ई म्हणजे तास, उच्चार तीमे, शाळेतला तासही तोच आणि साठ मिनिटांचा तासही तोच, अगदी आपल्यासारखं, गणिताचा तास म्हणतो तसं. वेळ म्हणजे तिद, तो इंग्लिश टाइडच्या घरातला. पगार तासावर असेल तर नोकरीच्या कागदावर याच चार अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक शब्द येतो, कारण डॅनिशमध्ये आपल्या सामासिक शब्दांसारखे शब्द जोडून एकच करतात. म्हणूनच सुरुवातीची अक्षरं ओळखायची सवय इतकी कामाची आहे, अख्खा शब्द नाही समजला तरी पहिला तुकडा सुटतो.

हॉटेलवाल्यांनो हे नीट वाचा. शेफ हा शब्द, सी-एच-ई-एफ, डॅनिशमध्ये बॉस. ऑफिसचा, बँकेचा, कुठलाही. स्वयंपाक करणारा तो के-ओ-के. बॅचमध्ये कळंगुटच्या हॉटेलातला एक मुलगा आहे, हाताला एवढी चव की त्याने आणलेला खतखतें अजून आठवतो, त्याने बायोडेटावर सगळीकडे शेफ लिहिलं होतं, सरांनी शेजारी बसून एकेक ओळ तपासली, आणि नोकरीच्या जाहिरातीत शेफ दिसला तर तो मॅनेजरसाठी असू शकतो हे सांगितलं. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ डोकं, मुखिया. इंग्लिशने त्यातला फक्त स्वयंपाकघराचा मुखिया उचलला. क्लासच्या फीमध्ये हे असं बायोडेटा तपासणं वगैरे धरलेलं नाही, सर आपणहून करतात.

विद्यार्थ्यांसाठी तीन शब्द. कोलेगियुम म्हणजे कॉलेज नाही, हॉस्टेल. गिम्नासियुम म्हणजे व्यायामशाळा नाही, आपली अकरावी-बारावी समजा पण तीन वर्षांची. काराक्तेर म्हणजे मार्क. सगळ्यात वरचा मार्क १२ आणि खाली शून्याच्याही खाली वजा ३ पर्यंत जातो, ही पद्धत २००७ मध्ये आली. डिचोलीच्या मुलीने हे घरी सांगितलं तर आईला खरंच वाटेना.

आणि स्कॅत, एस-के-ए-टी. कर. टॅक्स. तोच शब्द खजिना, आणि तोच शब्द लाडाने हाक मारताना, सोन्या म्हणतो ना तसा. त्यांच्या टॅक्स खात्याचं नावच २०१८ पर्यंत नुसतं स्कॅत होतं. नवऱ्याला मी आता मेसेजमध्ये हेच लिहिते.

मुलासाठी शिकलेले शब्द मला जास्त जवळचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचा मुलगा सहा वर्षांचा, दिवसभर लेगो. तर एल-ई-जी हे डॅनिश नाम आहे, अर्थ खेळ, उच्चार लाय असा काहीसा. लेग गोत म्हणजे छान खेळा, त्याची पहिली दोन-दोन अक्षरं घेऊन बिलुंडच्या एका सुताराने १९३४ साली आपल्या लाकडी खेळण्यांच्या धंद्याला नाव दिलं. इंग्लिशमधला पाय त्या स्पेलिंगात नाहीच, पायाला बेन, आणि बेन म्हणजेच हाडही. मुलाला मी डब्यावरचं नाव बोटाने दाखवून सांगितलं की यातली पहिली तीन अक्षरं म्हणजे खेळ, तर तो दारावरच्या, पिशवीवरच्या, सगळ्या अक्षरांत डॅनिश शोधत बसला. मग एच-ए-व्ही चं पान. हाव म्हणजे समुद्र, हाउन म्हणजे बंदर, हेवे म्हणजे बाग. डॅनिशमध्ये 'द' वेगळा येत नाही, शब्दाच्या शेपटाला चिकटतो, त्यामुळे एच-ए-व्ही-ई-एन लिहिलेलं दिसलं तर ते आसऱ्याची जागा नाही, ती बाग, ठरावीक अमुक बाग. कोपनहेगनच्या डॅनिश नावातला शेवटचा भाग तो बंदरवाला, व्यापाऱ्यांचं बंदर. आणि बालवाडीला ते ब्योर्नेहेवे म्हणतात, मुलांची बाग. आपल्याकडे बालवाडीतली वाडी काय वेगळी आहे? गोव्यात-कोकणात वाडी म्हटल्यावर माडा-पोफळीचीच डोळ्यासमोर येते. सर हे सांगत होते तेव्हा माझ्या मनातली निम्मी भीती गेली, खरं सांगते.

डब्याचंही सांगते. एम-ए-डी म्हणजे जेवण. मॅडपाक्के म्हणजे शाळेत न्यायचा डबा, बहुतेक मुलं राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाचा डबा नेतात, गरम जेवणाची अपेक्षा ठेवायची नाही. नाश्त्याला मोर्गेनमॅद, सकाळचं जेवण, सोपं.

याच पानांत मला एक चूक सापडली आणि ती सांगणं गरजेचं आहे. बी-ए-आर-एन म्हणजे डॅनिशमध्ये मूल. सरांच्या झेरॉक्सवर लिहिलंय की इंग्लिशमधला गोठा-कोठारवाला बार्न आणि हा एकाच मुळातला, येशूच्या जन्माचा गोठा वगैरे आधार दिलाय. तसं नाहीये. इंग्लिश बार्न हा जव आणि घर या दोन जुन्या शब्दांचा जोड आहे, जवाचं कोठार. डॅनिश बार्न आला जन्म देणं, वाहून नेणं या क्रियापदातून, ज्याच्या घरातले इंग्लिशचे बेअर आणि बॉर्न, आणि आपले संस्कृतातले भर, भार सुद्धा. स्कॉटलंडमध्ये मुलाला बेर्न म्हणतात तो मात्र याचा सख्खा. दोन्हींची अक्षरं योगायोगाने जुळली. मी सरांना शब्दकोश उघडून दाखवलं, त्यांनी मान्य केलं, पण पानं अजून तीच वाटली जातात. नव्या बॅचवाल्यांनी तेवढी ओळ खोडा.

असेच योगायोगाचे आणखी काही आहेत. बी-ओ-जी म्हणजे पुस्तक, इंग्लिशमधली दलदल आयर्लंडकडून आलेली, संबंध शून्य. एस-एल-ओ-टी म्हणजे राजवाडा. आर-ए-टी म्हणजे गाडीचं स्टेअरिंग, डच शब्दावरून आलेलं चाक, आणि हे ऐका, त्याचं नातं आपल्या रथाशी आहे! जर्मनचा राद, लॅटिनचा रोता, संस्कृतचा रथ, सगळे एका कुळातले. उंदराशी काही देणंघेणं नाही, पण डॅनिशमध्ये उंदराला मुस आहे तो आपल्या मूषकाचा भाऊ. सर मंडळींना अशी नाती सांगितली की बॅचमध्ये एक वेगळाच हुरूप येतो, दात म्हणजे तॅन आणि आपला दंत, नाक म्हणजे नेसे आणि आपली नासिका. हे शब्द कुणी पाठ केले नाहीत, आपोआप बसले.

काही शब्दांवर पोरं हसतात, एफ-ए-आर-टी वर तर हसणारच. अर्थ वेग, प्रवास. लिफ्टमध्ये ती चालू असताना ही पाटी लागते, रस्त्यावर स्पीड तपासणीच्या बोर्डावर असते. बोटीच्या वेळापत्रकाला फार्तप्लान आणि बोटीला फार्तोय, हे सरांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द, आणि इंग्लिशचा फेअर, म्हणजे भाडं, फेअरवेलमधला फेअर, त्याच घरातले. सरांनी फोटो दाखवून, हसू न दाबता, नीट अर्थ लावून दिला, कुणाला ओशाळं वाटलं नाही. बॅचमध्ये मुली असताना असे शब्द कसे शिकवावेत हे त्यांच्याकडून शिकावं. बी-आर-ए-एन-डी म्हणजे आग. कंपनी नाही. इमारतीत दारावर, काचेच्या पेटीवर ही पाच अक्षरं दिसली की तो आगीचा बंदोबस्त समजायचा. इंग्लिशमध्ये जनावराला तापलेल्या लोखंडाने डागायचे, तो डाग म्हणजे ब्रँड, मग मालावरची खूण, मग कंपनी. डॅनिशमध्ये आग ती आगच राहिली.

आता ज्यात क्लास कमी पडतो ते. उच्चार. सरांचं वाचन पक्कं आहे, अर्थ पक्के आहेत, पण बोलणं बोटीवरचं आहे, त्यात नॉर्वेजियन लोकांबरोबर इतकी वर्षं काढलेली की कधी कधी शब्द तिकडचा येतो आणि ते स्वतःच थबकतात. डॅनिशमध्ये मऊ डी म्हणून एक आवाज आहे, ड आणि ल यांच्या मधला, जेवणाच्या मॅदमध्ये येतो तो, आणि घशात क्षणभर अडकून सुटणारा एक झटका आहे, त्याला स्त्योद म्हणतात, या दोन्हींचा सराव क्लासमध्ये जवळजवळ होत नाही. मी घरी डॅनिश रेडिओ ऐकून करतेय, आणि त्यांचा मोठा शब्दकोश ऑनलाइन फुकट आहे, त्यात शब्दापुढे उच्चार ऐकता येतो, तो रोज उघडा. मी वर देवनागरीत लिहिलेले उच्चार पण अंदाजापुरतेच धरा, खरे कान लावूनच कळतात.

दुसरी तक्रार जागेची. मागच्या रांगेत पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पुढे बसायचं असेल तर दहा मिनिटं आधी जा. झेरॉक्स इतक्या फिकट की एस-के चं पान मी पेनाने गिरवून घेतलंय. पावसात लाइट गेली की क्लास बंद, आणि तो दिवस भरून देतील असं नाही. नामाचं लिंग, म्हणजे एन की एत, हे खूप उशिरा सुरू करतात, ते पहिल्या आठवड्यापासून शब्दासोबतच द्यायला हवं, आपल्याला मराठीत तो-ती-ते ची सवय असल्यामुळे आपण ते सहज पेललं असतं. वाक्यं बनवणंही कमीच, तीन महिन्यांत दुकानात बोलण्याइतकं येईल, फोनवर बोलण्याइतकं नाही.

मोबाइल अ‍ॅपवर पण मी सुरू केलं होतं. वाक्यं येतात, सवय लागते, पण तिथे शब्द समोर येतो, तुम्ही इंग्लिशवरून अंदाज लावता, लाल होतं, पुढे जाता, असं का झालं ते कुणी सांगत नाही. गोव्यातल्या माणसाला तर हे का झालं समजून घ्यायची तयारी असतेच. आंटींना पोर्तुगीज येतं, त्या सांगत होत्या की दारावर पी-यू-एक्स-ई लिहिलेलं असतं, वाचायचं पुशे, आणि अर्थ ओढा. आपला तुरुंग पोर्तुगीजांच्या त्रोंकूवरून आला, मूळ अर्थ झाडाचा बुंधा, मग कैद्याचे पाय अडकवायचा खोडा, मग अख्खी कोठडी. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षा. चार भाषांच्या मधे वाढलेल्या माणसाला सरांची पद्धत पटकन लागू पडते.

कुणी जावं, तर ज्यांचं इंग्लिश चांगलं आहे आणि निघायला किमान दोन-तीन महिने आहेत त्यांनी. पंधरा दिवसांत निघणार असाल तर फी भरू नका, सरांना सांगून नुसती पानं मागून घ्या, ते देतात. ज्यांना फक्त बोलायचंच शिकायचंय त्यांनी दुसरीकडे बघा. परीक्षेची तयारी इथे होत नाही. नवी बॅच चवथ (गणपती) झाल्यावर सुरू होतेय, जागा लवकर भरतात कारण बोटीवरून सुट्टीवर आलेली पोरं पण बसतात. दुचाकी खाली दुकानासमोर लावू नका, दुकानदार काका चिडतात, बाजूच्या गल्लीत जागा असते.